सॉसात गुळाचा खडा

पास्त्याच्या टोमॅटो सॉसच्या टोपाखालचा गॅस बारीक केला आणि मी पाच मिनिटं खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, गेलो. पाहुण्यांना गाडी मागे घ्यायची होती, माडाला घासू नये म्हणून हात दाखवत उभा राहिलो. परत येऊन चमचा बुडवला, जिभेला लावला आणि कळलं की मधल्या वेळात टोपात कुणाचा तरी हात जाऊन आलाय. बायको माझ्याकडे पाठ करून कोथिंबीर निवडत होती. इतकं मन लावून ती एरवी कोथिंबीर निवडत नाही.

"काय घातलंस?"

"कुठे काय?"

"गूळ घातलास."

"एवढासा खडा हो. त्याने काय बोट बुडतेय का?"

बोटीचा टोमणा मला होता. १९९६ ते २०१४ अशी अठरा वर्षं मी मालवाहू बोटींवर स्वयंपाक केला. आधी मेसमन, मग सेकंड कुक, शेवटची नऊ वर्षं चीफ कुक. आता मालवणच्या दक्षिणेला, खाडीच्या कडेला, राहत्या घरातल्याच दोन खोल्या पाहुण्यांना देतो. पाहुणे येतात माशांसाठी. पहिल्या दिवशी सुरमई, दुसऱ्या दिवशी कोळंबी नाहीतर तिसऱ्या म्हणजे शिंपल्या, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं पोरगं हळूच विचारतं, "काका, पास्ता मिळेल?" मिळतो. त्या पास्त्याच्या सॉसात गोड घालायचं की नाही, यावरून आमच्या घरात गेली दहा वर्षं जे चाललंय ते एकदा लिहूनच काढतो.

घरात पक्ष तीन. आई ऐंशीच्या पुढची, अस्सल मालवणी. तिच्या रांधपात आंबट म्हणजे सोलं (आमसुलं) आणि गोड म्हणजे फक्त ओला नारळ. साखरेचा डबा चहाचा आणि खिरीचा, त्याचा तिखटाशी संबंध नाही. मुंबईच्या हॉटेलांत गुलाबी गोड सोलकढी मिळते हे तिला मी एकदा सांगितलं, तर तिला वाटलं मी मस्करी करतोय. (मला स्वतःलाही ती सोलकढी सहन होत नाही. कोकमाचं गोड सरबत प्यायचं तर सरळ अमृत कोकम घ्यावं, नारळाच्या दुधाला कशाला छळायचं?)

बायको रत्नागिरीची. तिच्या माहेरी भिंतीला भिंत लागून चित्पावनांचं घर होतं आणि लहानपणचा अर्धा वेळ तिने त्यांच्या माजघरात काढला. आमटीत आमसूल पडलं की मागोमाग गूळ पडायचाच. अळूच्या फदफद्यात गूळ, डाळिंब्यांच्या उसळीत गूळ, पडवळाच्या भाजीतसुद्धा चिमूटभर गोड. ते सगळं तिच्या हातात उतरलंय. गूळ न घातलेली भाजी तिला फोडणी न घातल्यासारखी वाटते. आमचं लग्न झालं तेव्हा आई पहिले सहा महिने आमटी चाखून फक्त "हूं" म्हणायची. तो हूं मला अजून आठवतो.

आणि तिसरा पक्ष मी. माझा पक्ष मला इटलीच्या माणसाने दिला.

२००५ साली चीफ कुक म्हणून मी पहिल्यांदा चढलो ती बोट बल्क कॅरिअर, म्हणजे सुटा माल वाहणारी होती. तिच्यावरचा चीफ इंजिनियर नेपल्सच्या खालच्या अंगाला सालेर्नो नावाचं बंदर आहे, त्या बाजूचा. पहिल्या रविवारी मी पास्ता लावला. अडीच किलोचे दोन डबे फोडले, कांदा-लसूण परतला आणि वर तीन मोठे चमचे साखर. मुंबईत ज्या हॉटेलात माझा हात बसला, तिथल्या वस्तादाने शिकवलं होतं की टोमॅटो म्हटला की साखर, विचारायचं नाही. जेवण वाढलं आणि दहा मिनिटांत चीफ बॉयलर सूटमध्येच गॅलीत, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरात, हजर. ताटली माझ्यापुढे धरून म्हणाला, "कुओको, हा जॅम कुणी केला?" कुओको म्हणजे स्वयंपाकी. पुढची दीड वर्षं माझं तेच नाव पडलं.

पुढच्या रविवारी तो कामावर जायच्या आधी गॅलीत आला. बोटीवर गॅस नसतो, विजेच्या तव्यांची शेगडी असते, आणि बोट डोलली की टोप सरकू नये म्हणून तिला लोखंडी कठडे असतात. त्या कठड्यात त्याने स्वतः टोप अडकवला. ऑलिव्हच्या तेलात लसणाच्या चार पाकळ्या, सोनेरी झाल्या की काढून टाकल्या. डब्यातले टोमॅटो हाताने चुरडले. मिक्सरकडे मी बघितलं तर माझ्या हातावर चापटी मारली. मीठ. वीस मिनिटं. शेगडी बंद केल्यावर वरून कच्च्या तेलाची एक धार. बस. साखरेच्या बरणीकडे बोट करून "नो झुक्केरो!" आणि गळ्यावरून आडवा हात. भाषा तेवढी पुरली.

मांसाचा सॉस मात्र तो सकाळी सहाला चढवायला लावायचा आणि दुपारपर्यंत मधूनमधून येऊन नुसता ऐकायचा. झाकण जरासं तिरकं ठेवायचं. तळातून एक बुडबुडा वर येऊन फुटतो, थोडा वेळ काही नाही, मग दुसरा. त्या आवाजाला नेपल्सकडे पिप्पियारे म्हणतात. आपण रटरटणं म्हणतो, पण रटरट त्याहून घाईची असते. हे म्हणजे म्हातारा माणूस अंगणात बसून स्वतःशीच पुटपुटतो तसं. मी अजूनही सॉस डोळ्यांपेक्षा कानांनी जास्त बघतो.

आता गंमत ऐका. त्याच बोटीवर सेकंड ऑफिसरही इटलीचा, पण वरच्या बाजूचा, बोलोन्याचा. त्याचा सॉस सुरू व्हायचा कांदा, सेलरी आणि गाजर बारीक चिरून परतण्याने. शिवाय तो म्हणाला, त्याची आजी चिमूटभर साखर घालायची. झालं. मेसरूममध्ये त्या दोघांची जी जुंपली, ती कॅप्टनने येऊन थांबवली. चीफचं म्हणणं, साखर घालणारी बाई स्वयंपाकी नव्हे. दुसऱ्याचं म्हणणं, माझ्या आजीबद्दल तोंड सांभाळून बोल. मी कोपऱ्यात बशा पुसत होतो आणि मला घरी आल्यासारखं वाटलं. मालवण आणि रत्नागिरीमध्ये दीडशे-दोनशे किलोमीटर, त्यांच्यात पाच-सहाशे, पण भांडण तेच.

आणि गाजर म्हणजे तरी काय? शंभर ग्रॅम गाजरात साडेचार-पाच ग्रॅम साखर असते, कांद्यातही साधारण तितकीच. मंद आचेवर वीस मिनिटं परतलेला कांदा घालणारा माणूस साखर घालतच असतो, फक्त बरणीतून घालत नाही. हे मी चीफला सांगायची हिंमत केली नाही.

ऑगस्ट २००७ मध्ये बोट सालेर्नोच्या धक्क्याला लागली आणि चीफने मला आणि बोसनला (डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाला) एका दुपारी आपल्या घरी नेलं. व्हेसुव्हियसच्या पायथ्याशी सार्नो आणि नोचेरा या गावांच्या आसपासची ती सपाट जमीन, ज्वालामुखीच्या राखेची. तिथला लांबुडका सान मार्झानो टोमॅटो जगभर नाव काढून आहे. युरोपात त्याला आपल्या जीआयसारखं, म्हणजे भौगोलिक मानांकनासारखं, संरक्षण मिळालं ते १९९६ साली, म्हणजे मी बोटीवर चढलो त्याच वर्षी. रस्त्याभर टोमॅटोचे ट्रक कारखान्यांकडे चालले होते आणि प्रत्येक वळणावर सांडलेल्या टोमॅटोचा लाल चिखल. आपल्याकडे पावसाआधी हापूसचे ट्रक गेल्यावर वास मागे राहतो, तसा वास.

चीफच्या घरी अंगणात सगळं कुटुंब कामाला लागलेलं. एक जण टोमॅटो धुतोय, दोघी उकडलेले टोमॅटो हाताने फिरवायच्या यंत्रातून काढतायत, साल-बिया एका बाजूला, रस एका बाजूला. बिअरच्या जुन्या बाटल्या धुऊन उन्हात उलट्या घातलेल्या. प्रत्येक बाटलीत बेझिलचं एक पान, वर रस, बूच, आणि मग सगळ्या बाटल्या जुन्या चादरींत गुंडाळून पत्र्याच्या पिंपात उकळायला. वर्षाची बेगमी. मी बघत राहिलो, कारण ते आमचं मे महिन्यातलं खळं होतं. कोकमाच्या आगळाच्या बाटल्या, सोलं सुकवायच्या चटया, फणसाच्या साठांची ताटं, आणि मध्ये मध्ये ओरडणारी एक म्हातारी. तिथे ती म्हातारी म्हणजे चीफची आई. मी खुणेने विचारलं, यात साखर? तिने काही न बोलता टोपलीतला एक टोमॅटो उचलला, अर्धा कापला, मीठ भुरभुरलं आणि माझ्या तोंडापुढे धरला. खाल्ला. त्याला साखर लावायची म्हणजे हापूसवर साखर पेरून खाण्यातला प्रकार झाला असता.

त्या दिवसापासून मी पक्का नो झुक्केरो. आणि तिथेच माझं चुकलं, कारण माझ्या टोपात तो टोमॅटो नसतो.

आमच्याकडचा टोमॅटो घाटावरून येतो. कोल्हापूर, बेळगाव. पावसात करूळचा किंवा आंबोलीचा घाट अडला की त्या दिवशी बाजारात टोमॅटोच नाही. एवढा प्रवास झेपावा म्हणून तो झाडावरून काढतात तेव्हा नुकता कुठे रंगाला लागलेला असतो. पुढे क्रेटमध्ये लाल होतो, मऊही होतो, पण झाडाकडून येणारी साखर देठ तुटला त्या दिवशीच थांबली. दिसायला पिकलेला, चवीला अर्धाकच्चा. त्यात आपण तो आणल्या आणल्या फ्रीजमध्ये कोंबतो, म्हणजे उरलासुरला वासही गेला.

बाजारात जाती म्हणाल तर दोनच कळतात. एक गावठी, चपटा, अंगावर शिरा असलेला, पातळ सालीचा, भरपूर रसाचा आणि चांगला सणसणीत आंबट. दुसरा अंड्याच्या आकाराचा हायब्रीड. जाड साल, जाड गर, चार दिवस टिकतो, जमिनीवर पडला तरी उसळेल असं वाटतं. आंबट कमी, पण मुळात चवच कमी. मुलगी पुण्याला फूड टेक्नॉलॉजी शिकते, तिने एक गोष्ट सांगितली ती मला फार आवडली. कच्चेपणी ज्याच्या खांद्यावर गडद हिरवा पट्टा असतो तो टोमॅटो व्यापाऱ्यांना नको असतो, कारण पिकतानाही तो एकसारखा रंगत नाही. म्हणून गेल्या कित्येक दशकांत एकसारखे फिके हिरवे, मग एकसारखे लाल होणारे वाण निवडत गेले. २०१२ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की त्या निवडीत एक जनुक बिघडलेलं आलं, आणि तेच जनुक कच्च्या फळात हरितद्रव्य वाढवून साखर तयार करायला मदत करत होतं. थोडक्यात, रंगासाठी गोडी दिली. मला आमच्या परसातल्या गावठी रोपाची फळं आठवली. भात कापून झाल्यावर आई दोन वाफे लावते, मिरची-वांग्यांच्या जोडीला चार टोमॅटो. त्यांचे खांदे अजून हिरवे असतात.

तर चीफचा कायदा त्याच्या अंगणात खरा, माझ्या ओट्यावर जशाच्या तसा लागू होत नाही. पण म्हणून बायकोचा गूळ बरोबर ठरत नाही, हेही सांगतो.

मुलीचं एक वाक्य मी ओट्यावर चिकटवावं म्हणतो: "बाबा, साखर आंबटपणा मारत नाही, झाकते." टोमॅटोतलं सायट्रिक आम्ल साखर घातली तरी तेवढंच राहतं. जिभेला गोड कळलं की आंबट जरा मागे सरकतं, एवढंच. आणि साखर म्हणाल तर टोमॅटोत ती असतेच, शंभर ग्रॅमला अडीच ग्रॅमच्या आसपास. किलोभर टोमॅटोत पंचवीस ग्रॅम, म्हणजे पाच-सहा लहान चमचे साखर तुम्ही न घालताच टोपात पडलेली आहे. हे ऐकल्यावर बायको म्हणाली, "मग माझ्या एका खड्याने काय होणार?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही.

आटवलं की सॉस गोड होतो असं बरेच जण म्हणतात. अर्धं खरं आहे. पाणी उडतं, साखर दाट होते, पण आम्लही तेवढंच दाट होतं. किलोचा चारशे ग्रॅम केलात तर दोन्ही अडीच पट. म्हणून नुसतं दोन तास आटवून आंबट सॉस शहाणा होत नाही, जास्त ठासून आंबट होतो. शिजवायचं ते कच्चा वास जायला आणि कांदा-तेल एकजीव व्हायला.

डब्यातले टोमॅटो वापरणाऱ्यांसाठी एक. डब्याच्या मागे बारीक अक्षरात आम्लता नियंत्रक ३३० असं लिहिलेलं असतं, ते सायट्रिक आम्लच. पीएच (आम्लतेचं माप, जितका कमी तितकं आंबट) ४.६ च्या खाली राहावा, म्हणजे बंद डब्यात विषारी जंतू वाढू नयेत म्हणून ते मुद्दाम घालतात. त्यामुळे काही डबे ताज्या टोमॅटोपेक्षाही आंबट लागतात आणि दोष टोमॅटोला जातो.

या जानेवारीत मुलगी आठ दिवस घरी होती. तिने ठरवलं, रोजची कटकट नको, एकदा परीक्षाच घेऊ. दोन किलो टोमॅटो, अर्धे गावठी, अर्धे हायब्रीड. स्टीलच्या टोपात, कारण ॲल्युमिनियमच्या टोपात आंबट शिजवलं की धातूची चव उतरते. आजी पितळेच्या टोपाला कल्हई लावल्याशिवाय त्यात सोलं टाकू द्यायची नाही ते उगाच नव्हे. सॉस तयार झाला तो चार वाट्यांत काढला. एक तशीच. दुसरीत अर्धा चमचा साखर. तिसरीत तेवढाच गूळ. चौथीत खाण्याच्या सोड्याची चिमूट. सोडा पडल्याबरोबर वाटी फसफसून वर आली. इथे मात्र झाकाझाकी नाही, सोडा आम्लाला खरोखरच खातो.

परीक्षक आई. तिला पडवीत खुर्चीवर बसवलं, कशात काय ते सांगितलं नाही. तिने पदराने हात पुसले आणि चमच्याऐवजी बोट बुडवलं.

सोड्याची वाटी: "ह्या साबण खाल्ल्यासारख्या लागता." खरं होतं. चिमूट जराशी मोठी पडली होती, पण आम्लाबरोबर टोमॅटोचा टोमॅटोपणाच गेला होता. जाता जाता, सॉस बाटलीत भरून ठेवणार असाल तर सोडा अजिबात नको. तो आंबटपणाच बाटली राखतो.

साखरेची वाटी: "भज्यांवांगडा देतत ता." केचप. पैकीच्या पैकी.

गुळाची वाटी. हिला ती जरा वेळ घोळवत राहिली, मग सुनेकडे न बघता म्हणाली, "ही रत्नांग्रीची आमटी." बायको हसली, पण मला तिच्या गालाचा रंग दिसला. माझ्या मनात होतं तेच म्हातारीने पकडलं होतं. साखर नुसती गोड असते. गूळ आपला वास, आपला खारटपणा, आपलं सगळं गाव घेऊन येतो. आमसूल-गूळ, चिंच-गूळ या जोड्या जमलेल्या आहेत कारण तिथे गोडा मसाला, डाळ, खोबरं सगळी मंडळी सोबत असतात. लसूण आणि ऑलिव्हच्या तेलात तो एकटा पडतो आणि मोठ्याने बोलायला लागतो. हल्ली गूळ म्हणजे आरोग्य असं समजून जो तो साखरेच्या जागी गूळ ढकलतो. सॉसात घालायचंच असेल तर पांढरी साखर बरी, ती निदान गप्प राहते.

शेवटची वाटी, काहीच न घातलेली. मी जरा पुढे सरकलो. आईने बोट चाटलं, तोंड वाकडं केलं. "आंबाट," म्हणाली. बायकोने माझ्याकडे बघितलं. मग आईने पुन्हा बोट बुडवलं आणि म्हणाली, "रे, ह्येच्यात मीठ खंय आसा?"

मुलीने सॉस करताना मीठ मुद्दाम हात राखून घातलं होतं. म्हणाली होती, चव नंतर जुळवू. आणि आम्ही साखर-गूळ-सोड्याच्या नादात ते नंतर विसरलोच. त्या वाटीत दोन चिमटी मीठ आणि एक लहान चमचा तेल घालून ढवळलं. आंबट होतं तिथेच होतं, पण आता ते एकटं ओरडत नव्हतं. आईने सगळी वाटी संपवली. अठरा वर्षं बोटींवरच्या माणसांना जेवू घातलं आणि मीठ म्हातारीने काढून दाखवलं.

तेव्हापासून माझी पद्धत बदलली आहे, ती सांगतो. गावठी आणि हायब्रीड अर्धे अर्धे, एकाचा आंबट रस आणि दुसऱ्याचा गर. आणल्यावर दोन दिवस टोपलीत बाहेर ठेवायचे, हायब्रीड तर बोटाने दाबला की दबेपर्यंत. बिया काढायच्या नाहीत. बियांभोवतीचा बुळबुळीत रस सगळ्यात आंबट हे खरं, पण मटणाच्या रश्श्यात जी चव जीभ धरून ठेवते, तीही टोमॅटोच्या याच भागात जास्त असते. ते फेकलं की उरतो तो लाल चोथा. कांदा मात्र मी चीफला फसवून घालतो, एक मोठा, अगदी बारीक, मंद आचेवर रंग न येऊ देता. लसूण करपला तर सगळं फेकून पुन्हा सुरुवात, कारण करपल्याचा कडवटपणा लोकांना आंबट वाटतो आणि मग ते साखर ओततात. मीठ तीनदा, थोडं थोडं. मिक्सर नाही, रवीने घुसळायचं. मिक्सरमध्ये हवा शिरून रंग नारिंगी होतो.

बेझिल इथे मिळत नाही अशी तक्रार पाहुण्या बायका करतात. त्यांना मी परसातला सब्जा दाखवतो. फालुद्यात ज्याचं बी घालतात तोच. त्याच जातीचं झाड आहे, पान चुरडून वास घेतला की पटतं. एका बाईंनी मला न विचारता वृंदावनातली तुळस तोडून आणली होती. तिचा वास लवंगेकडे जाणारा, सॉसात अजिबात जमत नाही, आणि आईने त्यांच्याकडे जे बघितलं ते मी इथे लिहीत नाही.

इतकं सगळं करून, गॅस बंद करून, पाच मिनिटं थांबून, म्हणजे जीभ भाजणार नाही इतपत निवल्यावर चाखायचं. तरीही आंबट टोचत असेल तर एक चमचा सॉस बाजूला काढायचा, त्यात साखरेचे चार दाणे टाकून बघायचे. बरं लागलं तर टोपात किलोमागे पाव चमचा. पावसाळ्यात ही वेळ बहुतेकदा येतेच. जुलै २०२३ मध्ये टोमॅटोने किलोला शंभरी ओलांडली तेव्हा तर आम्हाला मिळाले ते दगडासारखे, आतून पांढरे. त्या महिन्यात मी निमूटपणे साखर घातली. चीफला कळवलं नाही.

बायकोचं काय? तिला मिठाचं पटलं. त्या दिवशी वाटी चाखून म्हणाली, "आता बरं आहे," आणि मग थोडं थांबून, "पण." त्या पणच्या पुढे ती काही बोलली नाही. मात्र गुळाचा डबा, जो इतकी वर्षं वरच्या फळीवर असायचा, तो हल्ली गॅसच्या शेजारी तेलाच्या किटलीमागे दिसतो. मी गाडी काढायला खळ्यात जातो तेव्हा जरा मोठ्याने चप्पल वाजवत जातो.

परीक्षेच्या रात्री टोपात बराच सॉस उरला होता. सकाळी पाहुणे गेले, मी खोल्या आवरून स्वयंपाकघरात आलो तर टोप रिकामा. चुलीवर आईचं मातीचं भांडं. सॉसात ओल्या नारळाचं वाटप पडलं होतं, चार बांगडे, ठेचलेली तिरफळं, आणि कढ यायला लागला होता.

"आये, ता पास्त्याचा होता."

"गप बस," म्हणाली, आणि बरणीतून दोन सोलं काढून वर टाकली.